आजी, तुमचा दिवस कसा जायचा? : व्यवसायोपचाराची गोष्ट

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा मजकूर. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तेवढे काढलेत. सगळे निघाले नाहीत.)



आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण यात लढाई नाही, तह नाही, वेढा नाही. राजगड येतो, पण आमच्या गावच्या घराच्या ओट्यावरून दिसतो तेवढाच. आजची गोष्ट एका प्रश्नाची आहे. हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मला तो अगदीच साधा वाटला होता. नंतर कळलं की त्याला शंभरहून जास्त वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात घरातूनच करतो.

आमचं गाव वेल्हे तालुक्यात, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणायचं त्यात. गुंजवणीच्या खोऱ्यात. पावसाळ्यात तुमच्यातले निम्मे लोक आमच्या गावावरून ट्रेकला जातात आणि वाटेत भजी खातात. आजी तिथेच राहते. मी नोकरीसाठी पुण्यात.

त्या वर्षी चैत्रात आजीला लकवा झाला. गावाकडे म्हणतात ‘वारं गेलं अंगावरनं’. डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, आणि खरं सांगायचं तर त्याचाच घरच्यांना थोडा त्रास झाला! दवाखान्यातून सुटल्यावर तिला कात्रजला आत्याकडे ठेवली. घरच्या सगळ्यांनी ठरवून टाकलं: आजीने आयुष्यभर लय केलं, आता तिला काही म्हणजे काही करू द्यायचं नाही. पाणी हातात, जेवण हातात, केस आत्या विंचरणार, पदर काकी सारखा करणार.

आणि व्यायामासाठी एक बॉल होता. हिरवा, मऊ, स्पंजचा. डाव्या हाताने दिवसातून शंभर वेळा दाबायचा. पहिल्या दिवशी आजीने तो दहा वेळा दाबला. दुसऱ्या दिवशी तीन वेळा. तिसऱ्या दिवशी बॉल सोफ्याखाली सापडला. आम्ही काढून हातात दिला, तर म्हणाली, “हे काय लहान पोराचं खेळणं दिलंय मला? ह्यानं काय हुतंय?”

आम्ही आपापसात म्हणालो, आजी सहकार्य करत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी परत येईन त्यावर.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही एका ओटीकडे गेलो. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. तिशीतली एक ताई होती. तिने आजीचा हात तपासला, बसण्याचा तोल पाहिला, डोळे मिटायला लावून हाताला कुठे स्पर्श कळतो ते पाहिलं. इथपर्यंत ठीक. मग तिने वही बंद केली, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, “आजी, तुमचा दिवस कसा जायचा?”

आजी आधी गप्प. मग जी सुरू झाली ती थांबेना. पहाटे उठायचं, चूल पेटवायची, म्हशीची धार, शेणकूर, दोन वेळच्या भाकरी, दुपारी तांदूळ निवडायचे, जोंधळे पाखडायचे, पावसाळ्यात तरवे काढायला जायचं, सांजेला ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. ताई मध्ये मध्ये विचारत होती. भाकरी कशाची? तांदळाची का नाचणीची? परातीत थापता का काठवटीत? बसून का उभ्याने? चूल केवढ्या उंचीची?

मला वाटलं, गप्पा मारून आजीला खूश करतेय. फी लावलेली वेळ गप्पांत चाललीय असंही वाटलं, कबूल करतो. पण त्या गप्पा म्हणजेच तपासणी होती.

व्यवसाय म्हणजे धंदा?

ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हणतात. आता या शब्दाने मोठा घोळ केलाय. घरी सांगितलं की आजीला व्यवसायोपचाराला नेतोय, तर काका म्हणाले, “या वयात तिला कसला व्यवसाय लावताय?” त्यांची चूक नाही. आज आपण व्यवसाय म्हणतो तेव्हा धंदा किंवा नोकरी म्हणतो. फॉर्मवर ‘व्यवसाय : शेती’ लिहितो.

पण संस्कृतात ‘व्यवसाय’चा जुना अर्थ निश्चय, निर्धार, एखाद्या गोष्टीमागे लागून केलेला उद्योग असा आहे. गीतेतही हा शब्द निश्चयाच्या अर्थानेच येतो. इंग्रजी ‘ऑक्युपेशन’ही तसाच. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘व्यापणे, ताब्यात घेणे’ हा अर्थ आहे. म्हणजे ऑक्युपेशन म्हणजे ज्यात माणसाचा वेळ आणि मन व्यापलेलं असतं ते सगळं. अंघोळ, स्वयंपाक, शेत, शाळा, क्रिकेट, पूजा, मोबाईलवर रील बघणंसुद्धा. पगार मिळो न मिळो.

या शब्दाच्या दोन्ही अर्थांना एकाच वर्षी सुरुवात मिळाली, असं म्हणायला हरकत नाही. ते वर्ष १९१७.

१९१७ : एक गोष्ट तिकडची, एक इकडची

पहिलं महायुद्ध सुरू होतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्स नावाच्या छोट्या गावात मार्च १९१७ मध्ये सहा जण जमले. त्यांना बोलावलं होतं जॉर्ज बार्टन यांनी. बार्टन डॉक्टर नव्हते, आर्किटेक्ट होते. त्यांना क्षय झालेला, मग पायाचा काही भाग कापावा लागला, आणि त्यानंतर त्यांची डावी बाजू लुळी पडली. आमच्या आजीची गेली तीच बाजू. बरं होताना बागकाम, सुतारकाम करता करता त्यांच्या लक्षात आलं की नुसतं पडून राहण्यापेक्षा हाताला काम असलं की शरीर जास्त लवकर ऐकतं. जमलेल्यांत विल्यम डंटन हे मनोविकारतज्ज्ञ होते, एलिनॉर क्लार्क स्लॅगल या समाजसेवेतून आलेल्या बाई होत्या. त्यांनी तिथे एक संस्था काढली आणि त्यातून ऑक्युपेशनल थेरपी हा वेगळा पेशा उभा राहिला.

चार वर्षांनी, १९२१ मध्ये, अडॉल्फ मेयर नावाच्या मोठ्या मनोविकारतज्ज्ञाने या लोकांपुढे भाषण केलं. त्याचा गाभा असा: काम, खेळ, विश्रांती आणि झोप या चार गोष्टींची लय जमली की माणूस ठीक असतो. आजार ही लय मोडतो. मग उपचारानेही ती लयच परत बसवायची. आजीच्या दिवसाची ती यादी आठवा. पहाटेपासून सांजेपर्यंत. ती यादी म्हणजे तिची लय होती, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून प्रेमाने ती पुसून टाकली होती.

आता इकडची गोष्ट. याच १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं. महायुद्धात हात-पाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी. गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. पुढे ही संस्था पुण्याला खडकीला आली आणि आजही आहे. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. पुणे-सातारा पट्ट्यातल्या खेड्यांतली कितीतरी पोरं त्यात होती. ज्या हाताने नांगर धरायचा तोच हात गेला, तर घरी परत जाऊन करायचं काय? त्यावर या संस्थेचं उत्तर होतं: नवा हुन्नर शिका, पोट भरा.

दोन्हीत फरक आहे, आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. खडकीच्या संस्थेत व्यवसाय हे ध्येय होतं, म्हणजे उपजीविका. क्लिफ्टन स्प्रिंग्समधून निघालेल्या पेशात व्यवसाय हे औषध आहे आणि ध्येयही. काम करता करता बरं व्हायचं, आणि ते काम करता यावं म्हणून बरं व्हायचं.

परळ, फलटण आणि नीरेचं पाणी

हा पेशा भारतात आणला एका बाईंनी, आणि त्या महाराष्ट्राच्याच म्हणायला हव्यात. जन्माने अमेरिकन. एलिझाबेथ लंडी, जन्म १९००. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या कमला निंबकर झाल्या. पुढे चाळीसच्या दशकात अमेरिकेत जाऊन त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं रीतसर शिक्षण घेतलं. परत आल्या आणि १९५० मध्ये मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये ओटीचं शिक्षण सुरू केलं. भारतातलं हे पहिलं. आशियातलंही पहिलं मानतात.

परळ म्हणजे गिरणगाव. माझे आजोबा तिथेच गिरणीत होते, आमच्या खोऱ्यातल्या अनेक घरांतला एक तरी माणूस तेव्हा मुंबईत असायचा. म्हणजे आजोबा ज्या रस्त्याने पाळीला जायचे, त्याच भागात हा उपचार देशात पहिल्यांदा शिकवला जात होता. आमच्या घरी तो पोचायला तीन पिढ्या लागल्या.

१९५२ मध्ये कमलाबाईंच्या पुढाकाराने अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला. त्याच्या पहिल्या दहा सदस्य देशांत ब्रिटन, अमेरिका, कॅनडा यांच्या बरोबरीने भारत होता. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झालेला देश! मुंबईनंतर नागपूरलाही ओटीचं शिक्षण सुरू झालं. कमलाबाई १९७९ मध्ये गेल्या. त्यांचा मुलगा फलटणला शेतकरी आणि कृषिसंशोधक म्हणून नावाजला गेला. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी काढलेली शाळा तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेल. तिचं नाव कमला निंबकर बालभवन. त्या कमला निंबकर म्हणजे याच.

आता गंमत बघा. नीरा नदी उगम पावते भोरच्या डोंगरात. आमची गुंजवणी जाऊन मिळते नीरेला. भाटघरला धरणात अडवलेलं पाणी कालव्यांनी बारामती-फलटणच्या रानात जातं. म्हणजे भोर-वेल्ह्याचा पाऊस कित्येक वर्षं फलटणला पोचतोय. फलटणच्या शाळेवर ज्यांचं नाव आहे त्या बाईंनी आणलेली विद्या मात्र भोर-वेल्ह्यात वर चढून यायला अजून धडपडतेय. यावरही शेवटी येतो.

भाकरीचे तुकडे

मूळ मुद्दा राहिला. गप्पांमधून ओटी नेमकं काय करते?

पहिली गोष्ट, निवड. ताईने आजीच्या यादीतून आजीलाच विचारलं, यातलं सगळ्यात आधी काय परत हवंय? आम्हाला वाटलं, चालणं म्हणेल. आजी म्हणाली, “भाकरी. पोरगी परातीत भाकरी करती, काठाला चिरती ती. बघवत न्हाय.” मग ताईने विचारलं, आत्ता तुम्हाला ती किती जमतेय असं वाटतं, दहापैकी किती? आजी म्हणाली, “सोळा आण्यातले दोन आणे.” ताईने हसत वहीत काहीतरी लिहिलं. हे गमतीने विचारलेलं नव्हतं. १९९१ मध्ये कॅनडातल्या ओटींनी याची एक पद्धतच तयार केली. रुग्णाने स्वतः सांगायचं की कोणतं काम किती महत्त्वाचं आहे, किती जमतंय आणि त्याचं समाधान किती आहे. काही आठवड्यांनी परत तेच विचारायचं. म्हणजे सुधारणा मोजायची ती रुग्णाच्या मापाने.

दुसरी गोष्ट, फोड करणं. एका भाकरीत काय काय असतं, कधी विचार केलाय? पीठ घ्यायला पंजा उघडायला लागतो. मळताना मनगटातून जोर आणि खांद्यातून वजन. थापताना उजवा तळवा मारतो आणि डावा हात कड सांभाळत भाकरी फिरवतो, म्हणजे दोन हात दोन वेगळी कामं एका ठेक्यात करतात. पुढे वाकताना कमरेचा तोल. पाणी किती, हे डोळ्यांनी आणि बोटांनी कळतं. तवा तापलाय का, हा अंदाज. कुठल्या पायरीनंतर कुठली, ही आठवण. स्पंजच्या बॉलमध्ये यातली फक्त एकच गोष्ट होती, मूठ मिटणं. आणि लकव्यानंतर मूठ मिटण्यापेक्षा उघडणंच बहुतेकांना जास्त जड जातं!

तिसरी गोष्ट, पायऱ्या लावणं. गावाहून आजीची स्वतःची काठवट मागवली. ती खुर्चीवर, समोर टेबल. पहिले काही दिवस डाव्या हाताला एकच काम: काठवटीच्या काठावर नुसतं वजन ठेवायचं, ती हलू द्यायची नाही. हाताने काही केलं नाही तरी तो कामावर हजर होता. मग डावा हात पिठात. मग दोन्ही हातांनी मळणं. मग कड धरणं. पाण्याचा तांब्या मुद्दाम डावीकडे ठेवायचा, कारण आजी डाव्या बाजूच्या गोष्टी विसरायला लागली होती. ताटातला डावीकडचा भात तसाच राहायचा.

तवा मात्र सगळ्यात शेवटी, तोही आत्याच्या हातात. कारण आजीला डाव्या बोटांना चटका नीट कळत नव्हता. हे कृपा करून लक्षात ठेवा. एपिसोड ऐकून कुणी आपल्या आजीला उद्या चुलीपुढे बसवू नका. कुणाला काय, किती आणि कधी द्यायचं, हे तपासल्याशिवाय ठरत नाही.

पहिली भाकरी अंगठ्याएवढी जाड आणि महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली. आजीने ती कुणाला खाऊ दिली नाही. कुत्र्याला घाल म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून हाक मारली, “पीठ आण.” बॉलसाठी तिने कधी हाक मारली नव्हती.

मधल्या काळात पेशाच विसरला होता

तुम्ही म्हणाल, इतकं साधं आहे तर बॉल कुठून आले? यालाही इतिहास आहे.

सुरुवातीच्या काळात ओटी विभागात हातमाग असायचे, टोपल्या विणल्या जायच्या, सुतारकाम चालायचं. मग विसाव्या शतकाच्या मध्यावर वैद्यकशास्त्राचा जोर वाढला. सांधा किती अंश वळतो, स्नायूचा जोर किती, हे आकड्यात दाखवा अशी अपेक्षा आली. टोपली विणण्याला कोण गंभीरपणे घेणार? मग माग मागे पडले आणि टेबलावर आले लाकडी खुंट्यांचे बोर्ड, प्लास्टिकचे शंकू, चेंडू. इकडचा शंकू तिकडे ठेवायचा, तिकडचा इकडे. मोजायला सोपं.

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या मेरी रायली यांनी आपल्याच लोकांपुढे उभं राहून विचारलं, आपण आपला मूळ विचारच सोडून दिला की काय? माणूस हातांनी, मनाच्या आणि इच्छेच्या बळावर स्वतःच्या प्रकृतीवर परिणाम घडवू शकतो, हा तो विचार. त्यानंतर हळूहळू पेशा परत कामाकडे वळला.

आणि मोजायचंच म्हणाल तर तेही झालं. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास मला फार आवडतो. सेरेब्रल पाल्सी असलेली लहान मुलं. त्यांना आधी सांगितलं, हातातली काठी जमेल तितकी इकडून तिकडे फिरव. मग त्याच हाताला तीच हालचाल करायला लावली, पण ढोल वाजवण्यासाठी. ढोल वाजवताना मुलांचा हात जास्त फिरला. हात तोच, मूल तेच. फक्त ‘फिरव’च्या जागी ‘वाजव’.

गणपतीत ढोल बडवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ताशाचा ठेका सुरू झाला की दुखणारा खांदाही वर जातोच.

आमचं काय चुकलं

आता ते वाक्य. ‘आजी सहकार्य करत नाही.’

आपल्याकडे आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला काही करू न देणं. ‘तू बस, आम्ही आहोत ना.’ यात माया असते, खोटं नाही. पण आमच्या घरी त्या दीड महिन्यात काय झालं ते सांगतो. आजीने बोलणं कमी केलं. कुणी आलं तरी मान वर करेना. एकदा रात्री मी पाणी द्यायला गेलो तर म्हणाली, “मी आता पाव्हणी झाले रं. पाव्हण्यानं लवकर जावं.”

मी काही बोललो नाही. ग्लास ठेवून बाहेर आलो.

आमच्यासारख्या घरात बाईची जागा तिच्या कामात असते. हे चांगलं का वाईट, यावर वेगळा एपिसोड होईल आणि तिथे मी आजीशीच भांडेन. काम लादलेलंही असतं, आणि ओटीने ‘बाई आहे म्हणजे चूल’ असं गृहीत धरलं तर तेही चूकच. म्हणूनच प्रश्न आधी विचारायचा असतो. उद्या एखादी आजी म्हणेल, मला स्वयंपाक नकोच होता कधी, मला पारावर जाऊन भजनात टाळ धरायचाय. मग तिचा उपचार टाळ. माझा चुलतभाऊ दहावीनंतर गाडीवरून पडला होता, त्याला विचारलं असतं तर म्हणाला असता, मोबाईलवर दोन्ही अंगठ्यांनी गेम खेळायचाय. त्याचा उपचार तोच. आमच्या आजीने भाकरी निवडली, कारण घरातल्या सगळ्यांच्या ताटात तिची भाकरी असणं हीच तिची हजेरी होती.

पुढे काय झालं

ज्येष्ठात आजीला गावी नेली. ताई दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर. घरात रेंज नाही, म्हणून मी आजीचा व्हिडिओ काढायचो, मागच्या टेकाडावर जाऊन पाठवायचो, ताईचं उत्तर घेऊन खाली यायचो. त्या पावसात माझे दोन चार्जर गेले. ताईने घर पाहून काही गोष्टी बदलायला लावल्या. चूल विटांवर उंच केली. न्हाणीत धरायला बांबू बसवला. विळ्याच्या मुठीला सुतळी गुंडाळून ती जाड केली, म्हणजे पकड बसते.

लावणीला मात्र आजीला नेता आलं नाही. ओल्या बांधावर ताईने साफ नाही म्हटलं. आजी ओट्यावर बसून खाचरांकडे बघत राहिली आणि दिवसभर चिडचिड केली. सगळं परत येतं असं मी सांगणार नाही. डावा हात आजही थकल्यावर वाकडा होतो, आणि चिखलात ती परत उतरेल असं वाटत नाही.

ताईने परत विचारलं, आता भाकरी किती आणे? आजी म्हणाली, “दहा. वर चार तुझ्यासाठी.”

आता भोर-वेल्ह्याबद्दल. आमच्याकडे कुणाला वारं गेलं की बरेच लोक औषधं घेतात, जमेल तशी मालिश करतात आणि वाट बघतात. पुण्याला उपचाराला जायचं म्हणजे एक माणूस सोबत, दोघांचं एसटीचं भाडं आणि दोघांचा दिवस मोडला. आठवड्यातून तीनदा हे कोण करणार? कायदा आहे. महाराष्ट्रात ओटी आणि फिजिओथेरपीच्या परिषदेसाठी २००२ चा कायदा झाला, २०२१ मध्ये संसदेने अशा सगळ्या पेशांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. पण कायद्याने नोंदणी होते, ताई गावात येत नाही. ती येण्यासाठी तालुक्याच्या दवाखान्यात तिची जागा हवी, आणि ती मागायला आधी आपल्याला हा शब्द ठाऊक हवा. दहावी-बारावीला असलेल्या श्रोत्यांनो, करिअरची यादी करताना हेही लिहा. आपल्या बोलीत ‘दिवस कसा जायचा’ विचारता येणारी माणसं या पेशाला हवीतच.

शेवटचा सीन. त्याच वर्षीची दिवाळी. भात झोडून अंगणात आलं होतं. मी घरी पोचलो तर आजी पाटावर, हातात सूप. पाखडायला दोन्ही हात लागतात, एकाच वेळी, एकाच झटक्यात. डावा हात मागे पडत होता, त्यामुळे सूप तिरकं होऊन दर वेळी मूठभर भात खाली सांडत होतं आणि कोंबड्यांची चैन चालली होती.

मी धावत गेलो आणि सूप घ्यायला हात पुढे केला. आजीने माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे घेतला.

“कोंबड्या हाकल,” ती म्हणाली. “तेवढं जमंल ना?”

मी कोंबड्या हाकलल्या.

चला मंडळी, आज इथेच थांबतो. तुमच्या घरात कुणी आजारातून उठत असेल तर आज त्यांना तो प्रश्न विचारून बघा, आणि उत्तर पूर्ण ऐका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. रामराम!